पूजेची पिवळी वायर

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या कंपनीत मशिनी घासूनपुसून हळदीकुंकू वाहतात. त्या वर्षी माझ्या टेबलालाही झेंडूचा हार मिळाला. मी तपासणीला होते. पार्ट कॅमेऱ्याखाली ठेवायचा, त्याचा फोटो सर्व्हरवर पोचला की हिरवा दिवा लागतो, मग पुढचा पार्ट. टेबलामागची नेटवर्कची वायर तेलानं काळी पडलेली. मेंटेनन्सवाले भाऊ म्हणाले, "पूजेला ही असली मळकी वायर बरी दिसते का?" आणि स्टोअरच्या खोक्यातली जुनी, पण कोरी राहिलेली पिवळीजर्द वायर आणून लावली. हाराला शोभली अगदी.

सुट्टी संपवून आले, तर दिवा लवकर लागेच ना. पार्ट ठेवायचा आणि हाताची घडी घालून बघत बसायचं. आमच्या लाइनच्या साहेबांना केबिनच्या काचेतून नेमकी तेवढी घडी दिसायची.

"ताई, हात चालवा जरा. एका जागेवर कायम करायचंय, तुमचं नाव मीच सुचवलंय."

"साहेब, फोटोच सावकाश जातोय हो."

"बाकीच्यांचे बरे जातात!"

ठेकेदाराकडं कितीक वर्षं राबत होते. थोडे महिने झाले की 'ब्रेक' म्हणून घरी बसवायचे, काळेवाडीतल्या माझ्या एका खोलीत; पुन्हा बोलावतील का, हा घोर लागायचा. कायम झाले असते तर तो सुटला असता. मी पाणी प्यायला उठणंसुद्धा सोडलं. तरी जागा गेली शेजारच्या टेबलावरच्या बाईला. बाई चांगली आहे, पण जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू? बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले.

नंतर कॉम्प्युटरवाले आले, दुसऱ्याच कामाला. मी हट्टानं त्यांना टेबलाशी आणलं. त्यांनी पिवळ्या वायरचं टोक उपसून बघितलं. "अहो, हिच्यात चारच तारा! बाकी सगळीकडं आठ तारांच्या, चांगल्या वायरी आहेत. पण मधे अशी एक घुसली की तुमचा फोटो तिच्याच चालीनं जाणार." त्यांनी वायर बदलली आणि काम सुसाट सुटलं. मला आनंद झाला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब खुशीत आले. "बघा ताई, मनावर घेतलं की जमतं ना! हेच आधी केलं असतं तर?"

"साहेब, वायर बदलली काल."

"काहीतरीच काय! वायरनं कुठं माणसाचे हात अडतात?" म्हणत त्यांनी सगळ्या लाइनला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. कायम झालेल्या बाईनंही वाजवल्या.

हातातला पार्ट फेकून मारावासा वाटला मला. पण पुढचा ब्रेक तोंडावर आला होता. म्हणून मान खाली घालून म्हणाले, "थँक्यू, साहेब."