लीलाकाकूंच्या शंका

मी फ्रेंच शिकवतो. अपवादांचीसुद्धा यादी पाठ करून घेणारा माणूस... त्यामुळे असे गूढ अनुभव वाचून आजवर फक्त हसलोय. आता तुम्ही मला हसलात तरी तक्रार नाही.

कराडला कॉलेज रोडवर, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर माझा क्लास आहे. सगळी परदेशी निघालेली पोरं, आणि त्यांच्यात साठीच्या लीलाकाकू. नवरा निवृत्त सुभेदार, कोयनेकाठी ऊस. मुलगी वर्षा फ्रान्समध्ये, जावई तिकडचाच. सहा वर्षांच्या नातीला, ईव्हाला, मराठी येत नाही. व्हिडिओ कॉलवर काकू नुसता हात हलवायच्या.

काकू शंका लिहून आणायच्या, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं. "सर, टेबल बाई आन् पुस्तक बाप्या, हे कुणी ठरिवलं?" "बोलायचीच न्हाईत तर ती मागची अक्षरं लिवत्यात कशाला?" पोरं हसायची. मीही.

"सर, आता बोलू का नातीसंगं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "क्रियापदं कच्ची आहेत अजून. घाई नको, काकू." त्यांनी ऐकलं. माझं ऐकायच्या त्या.

एका गुरुवारी व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला – नातीसंगं पहिल्यांदाच बोलनार, तर तिला 'त्यू' म्हनू का 'वू'? म्हणजे तू की तुम्ही. रविवारी क्लासमध्येच सांगू म्हणून राहू दिलं. शनिवारी सकाळी काकू गेल्या... हार्ट अटॅक.

तेराव्याला काकूंच्या घरी गेलो. वर्षानं मला बाजूला घेतलं. "सर, ही ईव्हा काय सांगतीय ते ऐका जरा. तिकडं असल्यापासून सांगतीय, मीच लक्ष दिलं नाही."

ईव्हा सोप्यात बसली होती. मी तिच्याच भाषेत विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "आजी आली होती. मी सकाळी उठले की किचनमध्ये असायची. तीन दिवस. टेबल मुलगी का, विचारत होती. मला नाही आलं सांगता. मग म्हणाली, तुला तू म्हणू की तुम्ही?"

मी खिशातला फोन काढला, गुरुवारचा फोटो पुन्हा वाचला आणि फोन परत ठेवला.

"तीन दिवस..." वर्षा म्हणाली. "आई गेल्यावर तिकीट मिळेपर्यंत आम्ही तीन दिवस तिथंच होतो, सर."

काकूंचा फोन लॉक होता, कुणी उघडलेला नव्हता. तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. दुपारी क्लास रिकामा असला की हल्ली मी खाली दुकानात जाऊन बसतो.

निघताना मात्र राहवलं नाही. ईव्हाला विचारलं, "आजी बोलताना चुकायची का गं?"

"खूप," ती म्हणाली. "मग आम्ही दोघी हसायचो."

सुभेदारांसमोर, पाहुण्यांसमोर, मी तिथंच रडलो.