गाण्यातून वगळलेली जाऊ

नवी सून असताना होटगीला नणंदेच्या हळदीत मी थोरल्या जाऊबाईंचं नाव घालून गाणं धरलं. त्यांनी भर मांडवात माझ्या तोंडावर हात ठेवला. "माझं नाव गाण्यात घ्यायची तुझी लायकी न्हाई," म्हणाल्या. तो हात मी आजतागायत विसरलेले नाही.

हे रिटायर झाल्यावर आम्ही दोघं सोलापुरात हळदीची गाणी म्हणायला जाऊ लागलो. यांची ढोलकी, माझा गळा. यंदा जाऊबाईंच्या नातीच्या हळदीचं बोलावणं आलं. मी लगेच हो म्हटलं.

आमच्याकडे हळदीत नवरीच्या प्रत्येक नातलग बाईची गाण्यातून थट्टा करतात. जिला वगळलं, ती परकी. मी आत्या घेतली, मावशी घेतली, शेजारीणसुद्धा सोडली नाही. जाऊबाई पदर सारखा करून आपल्या नावाची वाट बघत होत्या. यांनी मला डोळ्यांनी खुणावत ढोलकी उगाच लांबवली. मी झांज खाली ठेवली.

पंगतीत त्या जवळ येऊन बसल्या. "माझं नाव ऱ्हायलं की गं."

"ऱ्हायलं न्हाई, जाऊबाई," मी म्हटलं. "माझी लायकी अजून आली न्हाई."