पदवी की विमानाचं पोट

बारावीचा निकाल लागला की आमचं मंडळ गुणगौरव समारंभ करतं. दिल्लीतल्या मराठी माणसांना एकमेकांच्या मुलांचे गुण मोजायची एवढी एकच अधिकृत संधी मिळते, त्यामुळे उपस्थिती चांगली असते. या वर्षी माझी लेक मंचावर जाणार होती, आणि मी खाली बसून पदराचं टोक पिळत होते.

लेकीला दोन ठिकाणी जागा मिळाली होती. एक चांगल्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या पदवीला. दुसरी विमानांची देखभाल-दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेत. कॉलेजची जागा त्याच संध्याकाळपर्यंत घ्यायची किंवा सोडायची होती, आणि घरात काहीच ठरलं नव्हतं.

आम्ही दिल्ली विमानतळाजवळ, द्वारकेला राहतो. तिथे विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. बाकीची मुलं विमान बघून हात हलवायची, ही विचारायची, "त्याची चाकं आत कोण ओढतं?" मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, आधी पदवी घे, विमानं कुठे पळून जाताहेत? माझं म्हणणं काय होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. पदवी घेतली की माणूस निदान माझ्यासारखा सरकारी कचेरीत तरी बसतो. विमानाच्या पोटाखाली उभी असलेली लेक डोळ्यांपुढे आणली की तिच्या हातून काहीतरी ढिलं राहिलेलं दिसायचं. त्यापुढचं दिसायच्या आत मी दुसऱ्या कामाला लागायची.

प्रमुख पाहुणे माझ्याच मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. पद मात्र अजून अंगावरून उतरलं नव्हतं. मंडळाला शाल त्याच्यावरूनच घालावी लागली. आमच्याकडे पाहुणे प्रत्येक मुलाला माईकवर "पुढे काय?" असं विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं.

"यूपीएससी," एक जण म्हणाला. टाळ्या. "यूपीएससी," दुसरी म्हणाली. टाळ्या. एकाने "हॉटेल..." अशी सुरुवात केली, समोर बसलेल्या आईकडे बघितलं आणि तोही यूपीएससीवर येऊन थांबला. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला मिळाल्या.

मग लेकीचं नाव पुकारलं. मला दोन गोष्टींची सारखीच धास्ती होती: ती खरं बोलेल याची, आणि माझ्याकडे बघून खोटं बोलेल याची. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिले.

"तू काय, कलेक्टर ना?"

"नाही काका. मी विमानं रिपेअर करणार."

"अच्छा, पायलट! वा!"

"पायलट चालवतो. मी रिपेअर करणार."

"म्हणजे मेकॅनिक?" पाहुणे हसले. सभागृह आज्ञाधारकपणे हसलं.

"हो. तुम्ही पुण्याला विमानाने जाता ना, बिल्कुल घाबरू नका."

या वेळी सभागृह परवानगी न घेता हसलं. पाहुण्यांनी तिला घाईघाईने गुलाब दिला.

"धीट आहे हो," शेजारच्या वहिनी कुजबुजल्या. "पण पदवी असेल ना सोबत? लग्नाच्या वेळी काय सांगणार?"

"लग्न विमानातच लावू," मी म्हटलं.

परतताना मेट्रोत लेक माझ्याकडे वळली.

"आई, मी बोलून तर गेले. पण यार, खूप भीती वाटतेय. माझ्याकडून काही ढिलं राहिलं तर?"

ही भीती माझ्या एकटीची आहे असं मी समजत होते.

"मग कॉलेज घेतेस?" मी विचारलं. आवाजातली आशा मलाच ऐकू आली.

तिने फोन काढला. जागा सोडायची आहे, हे नक्की का, असं पडद्यावर विचारलेलं होतं. तिने तो माझ्यापुढे धरला. "तू सांग."

सोडू नको म्हणणं सोपं होतं. मघाशी मंचावर कलेक्टर व्हायला निघालेल्यांपैकी एकही घाबरलेला दिसला नव्हता. ही घाबरली होती, म्हणजे काम काय आहे ते हिला कळलं होतं. निदान मी तसा अर्थ लावला. तो चुकीचाही असेल.

"दाब," मी म्हटलं.

तिने दाबलं आणि माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. माझाही तसाच, त्यामुळे धीर कुणी कुणाला द्यायचा ते ठरेना.