भंडारा लागलेलं यंत्र

मायाप्पा गेल्याची बातमी मला कुणी सांगायला आलं नाही. त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. मी एक शस्त्रक्रिया आटोपून, पेशंट नीट शुद्धीवर आल्याचं बघून बाहेर आले, तर अपघात विभागाच्या दाराशी त्याची बायको कमल भिंतीला टेकून उभी होती आणि आत पडद्यामागे सगळी धावपळ थांबलेली... इतकी वर्षं भूल देण्यात गेली, ती शांतता मला ओळखता येते. शेडमध्ये पंप दुरुस्त करता करता खाली बसला आणि उठलाच नाही, एवढंच कमल म्हणाली. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी आत जाऊन त्याच्या मानेवर बोटं ठेवली. उपयोग नाही हे माहीत असूनही बराच वेळ ठेवली, आणि मग बाहेर येऊन तिथल्या नवख्या डॉक्टरवर कुठल्याशा फालतू कारणावरून ओरडले. राग माझ्या नाकावरच असतो. मायाप्पा असता तर म्हणाला असता, "मॅडम, वरडू नगा, पोरगं घाबरलंय." ते म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

आमची पहिली भेटही त्याच दारात झाली होती. तेव्हा तो सांगलीजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. घरची मेंढरं, वडील आणि चुलते वर्षातले कितीतरी महिने कळपामागे फिरतीवर. सुट्टीला गावी गेलेला असताना त्याच्या चुलतीला मण्यार चावली. मण्यारीच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय चालू असतं, माणूस वाचण्यासारखा असतो, फक्त छाती हलत नाही. औषध लागू पडेपर्यंत त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा असतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी चुलतीच्या घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि सोबत द्यायला नर्स नव्हती म्हणून तो मायाप्पाच्या हातात देऊन सांगलीपर्यंत दाबत राहायला सांगितलं. कवठेमहांकाळ ओलांडल्यावर त्याच्या बोटांत गोळे आले. मग जीपमधल्या एका पाहुण्यानं फुगा घेतला आणि तो घाबरून दाबतच सुटला, आत गेलेली हवा बाहेर यायला सवडच ठेवली नाही. त्यात रस्त्याचे खड्डे. आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा चुलती संपली होती. बाकीचे नातेवाईक रडत होते आणि हा मला विचारत होता, "मॅडम, किती जोरात दाबायचं असतंय? आन् मधी किती थांबायचं?" मी वैतागून म्हटलं, आता विचारून काय उपयोग? तो म्हणाला, "म्होरल्याला हुईल की."

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण पुढच्या रविवारी हा पठ्ठ्या दवाखान्याच्या बाकावर हजर. मग प्रत्येक रविवारी. फुगा कसा दाबायचा, फुफ्फुस कधी फाटतं, लहान मुलाला किती हवा लागते, एकेक प्रश्न घेऊन यायचा आणि माझा डबा अर्धा संपवून जायचा. काही महिन्यांनी नोकरी सोडून त्यानं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. मी त्याला वेड्यात काढलं. शेवटी शिलाई मशीनएवढा एक डबा तयार झाला. आत फुगा, तो ठरल्या लयीत दाबणारा हात, आणि सगळं गाडीच्या बॅटरीवर चालणारं. पण खरी अडचण खड्ड्यांची होती. गाडी आदळली की दाब बिघडायचा. त्यानं फुगा आणि हात दोन्ही एका झुलत्या चौकटीत टांगले आणि प्रश्न सुटला. हे सुचलं कुठून, विचारलं तर हसला. "आमी मेंढरांचा तळ हलवताना नवं कोकरू घोड्यावर झोळीत घालतो. घोडं कितीबी उधळू दे, झोळीतलं कोकरू झोपलेलं असतंय." मी डबा माझ्या गाडीत ठेवून जतच्या रस्त्यावर नेऊन आणला. लय तसूभर हलली नाही. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा शाबासकी दिली, आणि माझी शाबासकी सहसा कुणाला मिळत नाही.

त्यानंतर जे घडलं ते मला फार उशिरा कळलं. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. मायाप्पाच्या आईला गावात सगळे अव्वा म्हणतात. अव्वानं बजावलं होतं, बिरोबाचा भंडारा लागल्याबिगर नवी वस्तू कामाला लावायची न्हाई. तिचा शब्द मोडायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि मोडावासा वाटलाही नसता. यंत्र गावी गेलं. बिरोबाच्या देवळापुढं घोंगडं अंथरून त्यावर ठेवलं, ढोल वाजले, सगळ्या गावानं त्यावर हळदीचा भंडारा उधळला. मग अव्वा म्हणाली, आता हे काय हाय ते मान्सांना सांग. माईक होताच. मायाप्पानं झाकण उघडलं आणि चौकट, हात, मोटर, एकेक भाग बोटानं दाखवून समजावून सांगितला. गावातल्याच एकानं ते मोबाईलवर टिपलं आणि गावच्या बातम्यांच्या चॅनेलवर टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मीच त्याला पुण्याच्या एका पेटंट वकिलाकडे नेलं. खंडाळ्याच्या बाजूला कारखाना असलेले एक उद्योजक हे यंत्र मोठ्या संख्येनं बनवायला तयार झाले होते. त्यांची अट एकच, पेटंट पाहिजे. दुसरा कुणी उद्या तेच बनवणार असेल तर आपण साच्यांवर खर्च कशाला करायचा, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. आणि त्यांच्या कारखान्याशिवाय हा डबा तालुक्या-तालुक्याच्या रुग्णवाहिकेत कधीच पोचणार नव्हता. एकटा मायाप्पा हातानं किती बनवणार? वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "हे आजपर्यंत कुणाला दाखवलंय का?" मायाप्पा शेजारी बसून शांतपणे म्हणाला, "कुनालाच न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. देवाला आणि गावाला दाखवणं हे त्याच्या लेखी कुणाला दाखवणं नव्हतंच. घरातल्या माणसांना कुणी 'दाखवतं' का?

अर्ज दाखल झाला. काही काळानं परराज्यातल्या एका कंपनीनं त्याला हरकत घेतली. त्यांची दवाखान्यात वापरायची मोठी यंत्रं होती आणि रस्त्यावरचं हे स्वस्त यंत्र त्यांना नको होतं. सुनावणी संगणकाच्या पडद्यावरून झाली. आम्ही शेडमध्येच बसलो होतो, मायाप्पा, वकील आणि मी. कंपनीच्या वकिलानं शांतपणे एक व्हिडिओ लावला. पडदा एकदम पिवळा झाला. ढोल ऐकू आले, आणि मग मायाप्पाचा आवाज. मला तर आधी काय चाललंय तेच उमगेना. अर्जाच्या आधी शोध जगजाहीर झाला की त्यात नवं काही उरत नाही, असा कायदा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या वकिलानं आवाज बंद करून घाईनं सांगितलं, अजून वाट आहे. भंडाऱ्याच्या धुरळ्यात आतली चौकट धड दिसत नाही, बोलणंही ढोलामुळे तुटक ऐकू येतं. झाकण बंद होतं, वरवर सांगितलं, एवढंच म्हणा. मीही म्हटलं, म्हण रे बाबा. मायाप्पा पडद्याकडे बघत राहिला. विचारणा झाल्यावर म्हणाला, "व्हय साहेब, मीच हाय तो. झाकान उघडूनच दावलं हुतं." बाहेर आल्यावर मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या शेडमधली माणसं जमा झाली. तो म्हणाला, "मॅडम, देवाच्या दारात उघडलेलं झाकान हितं बसून कसं लावू वो?" ते मला आजही पटलेलं नाही. त्याच्या त्या एका 'व्हय'नंतर किती जीपांमध्ये किती माणसांच्या बोटांत गोळे आले असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

अर्ज फेटाळला गेला. निकालात म्हटलं होतं की, झाकण उघडल्याचं अर्जदारानं स्वतःच मान्य केलं आहे आणि व्हिडिओतलं स्पष्टीकरण इतकं सुबोध आहे की या विषयातल्या कुणाही जाणकाराला त्यावरून यंत्र बनवता येईल. खंडाळ्याच्या उद्योजकांनी चहा पाजून, पाठीवर हात ठेवून माघार घेतली. कंपनीनंही तसं यंत्र बनवलं नाही, तिला फक्त ते कुणी बनवायला नको होतं. मायाप्पानं हातानं काही डबे जुळवले, ते सीमेकडच्या रुग्णवाहिकांना दिले आणि पोटासाठी विहिरींचे पंप दुरुस्त करू लागला. फलटणकडून सीमेकडं ऊसतोडीला आलेली एक पोर मण्यार चावल्यावर त्याच्या डब्यावर सांगलीपर्यंत जिवंत आली, ती बातमी सांगताना मात्र त्याचा जुना आवाज परत ऐकू आला होता. एरवी तो गप्प होत गेला. माझ्या डब्यातलं खाईनासा झाला. केस भराभर पिकले. साखर वाढली, गोळ्या वेळेवर घेत नव्हता. मी रागावले की मान हलवायचा, तेवढंच. एक गोष्ट मात्र त्यानं माझ्याकडून वदवून घेतली होती. "अव्वाला सांगू नगा. सायबानं कागूद दिला न्हाई, एवढंच तिला ठावं हाय. पूजेमुळं गेलं म्हनलं तर ती देवळाची पायरी चढायची न्हाई, आन् जगायचीबी न्हाई."

परवा कमलबरोबर मी त्याच्या गावी गेले. अव्वा ओसरीत बसली होती. रडून झालेली माणसं बसतात तशी, भिंतीकडे तोंड करून. मी शेजारी बसले. मग ती कमलला म्हणाली, "लाव गं." कमलनं मोबाईल काढला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "रोज लावायला लागतं मॅडम. त्यांचा आवाज असलेलं दुसरं काय न्हाईच आमच्याकडं." पिवळा पडदा, ढोल... तो व्हिडिओ मी त्या सुनावणीनंतर कधी पाहिला नव्हता. तो काढून टाकायला लाव म्हणून मायाप्पाशी कितीदा भांडले होते. आता तो हातभर अंतरावर उभा होता, केस काळे, अंगावर भंडारा, एका हातात माईक आणि दुसऱ्या हाताचं बोट पिवळ्या धुरळ्यातल्या यंत्राकडे. गर्दीतून कुणीतरी विचारलं, ही चौकट हलतीया कशापायी? तो हसला आणि त्यानं घोड्यावरच्या झोळीचं सांगितलं. पोरंसोरं हसली. मला पुढचं दिसेना, मी पदर डोळ्यांना लावला.

व्हिडिओ संपला. अव्वानं काळ्या पडलेल्या पडद्यावरून एकदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा उजेड आला होता.

"बगितलंसा बाई? लय चांगलं समजावून सांगायचा माजं लेकरू. कुनालाबी कळंल असं."

"होय अव्वा," मी म्हटलं. "कुणालाही कळेल असं."