पहिला हात गिऱ्हाइकाचा

धुळ्याला देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीदुरुस्तीवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दुकानात देवीचा फोटो, म्हणून गिऱ्हाइकाने चपला बाहेर काढायच्या. तो स्वतः मात्र रबरी स्लिपर घालून लाकडी पाटावर! कारागिराला देवी माफ करत असावी.

कोणतीही इस्त्री आली की तो आधी प्लगची तिसरी, जाड पिन पकडीने तोडायचा. "कोना घरमा तीन भोकं शेतस?" ती पिन शॉक लागू नये म्हणून असते, असं मी एकदा सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं कीव करून बघितलं.

दुरुस्ती झाली की बटण दाबून तो दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा आणि अदबीने म्हणायचा, "भाऊ, गरम होस का, जरा हात लाई देखा." या अदबीवर मी वर्षानुवर्षं खूश होतो. कधी सणसणीत झटका बसला, तर तो शांतपणे म्हणायचा, "आजून थोडं काम बाकी शे."

एके दिवशी पेपरात बातमी आली, की विजेच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचे निरनिराळे नियम एकत्र करून एकच नियम करायचं सरकारच्या मनात आहे. आता हा वरमेल, म्हणून मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली.

तो हसला. "मना तं पहिलेपासून एकच नियम शे, भाऊ. पहिला हात गिऱ्हाइकनी लावाना."

आणि त्याने इस्त्री पुढे सरकवली. मी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, त्याच्या स्लिपरांकडे पाहिलं. मग, एवढ्या अदबीने सांगतोय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून हात पुढे केला.