दशक्रियांची मोजणी

"जिथं मानसं कमी मरत्यात तिथं मी ऱ्हाईन," असं माझे सासरे म्हणाले आणि मोजण्याचं काम माझ्याकडे आलं.

सासरे एकोणऐंशी वर्षांचे. कोल्हारला, गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर एकटेच राहतात. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. पुतण्याचं घर चार शेतं पलीकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात दूध संकलन केंद्रावर किटली खाली ठेवता ठेवता त्यांना चक्कर आली. आजूबाजूला माणसं होती, त्यांनी उचलून सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि अर्ध्या तासात ते चालत घरी गेले. पण बातमी नगरला, आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर पोचली तेव्हापासून बायकोचा एकच धोशा: अण्णांना इकडे आणायचं. आमच्याकडून स्कूटरवर दवाखाना पाच मिनिटांवर आहे, हा तिचा मुख्य मुद्दा.

आम्ही रविवारी त्यांना न्यायला गेलो तर त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण पुढे केलं. जिल्ह्यातल्या मृत्यूनोंदींवरची बातमी होती. त्यात नगर शहराचा दर हजारी मृत्यूंचा आकडा बऱ्याच तालुक्यांपेक्षा जास्त होता. शिवाय त्यांनी ग्रामसेवकाला गाठून गावातल्या वर्षभराच्या नोंदी विचारून आणल्या होत्या. त्या लोकसंख्येच्या मानाने अगदीच थोड्या होत्या.

"बघा जावईबापू, तुमी आकड्याचं मानूस. तुमच्या नगरात लोक लई मरत्यात. आन् ही मला तिकडं न्यायला निघाली."

"अण्णा, तिकडे मोठे दवाखाने आहेत," बायको म्हणाली.

"तिथंच तर मरत्यात."

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माप जुळत नसेल तर आधी माल नाही, मोजपट्टी तपासायची, ही तिथली शिस्त. म्हणून मी म्हणालो, मला दोन-तीन रविवार द्या. सासऱ्यांनी सुरुवातीला सांगितलेली ती अट घातली आणि बायकोनेही ती मान्य केली. आकडा आपल्याच बाजूने पडेल अशी दोघांचीही खात्री होती.

मोजपट्टीतला दोष लवकर सापडला. मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे मरतो तिथे, जिथे राहतो तिथे नव्हे. कोल्हारचा माणूस नगरच्या दवाखान्यात वारला तर तो नगरच्या आकड्यात जातो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कारकून म्हणाले, "फॉर्मात राहण्याचा पत्ता असतो की. पण पेपरवाला तो बघत बसत नाही." म्हणजे शहराच्या आकड्यात आजूबाजूच्या गावांची माणसं मिसळलेली होती. ती वेगळी काढायला माझ्याकडे साधन नव्हतं. पण गावाची नीट मोजता आली असती, कारण सासऱ्यांच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

आमच्या भागात दशक्रिया फार पाळतात. दहाव्या दिवशी सकाळी नदीवर सगळं गाव जमतं. प्रवचन होतं, दोन-तीन जण श्रद्धांजलीची भाषणं करतात, कावळ्याची वाट बघतात. सासरे एकही दशक्रिया चुकवत नाहीत. निरोप आला की त्या तारखेच्या चौकटीत घराण्याचं नाव लिहून ठेवतात. वर्ष संपलं की जुन्या कॅलेंडरवरच नवं अडकवतात. म्हणजे खिळ्यावर कितीतरी वर्षांची नोंद आयती लटकलेली होती. माणूस कुठेही मरो, त्याची दशक्रिया त्याच्या गावाला.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन बाजेवर बसलो. सासऱ्यांनी मागच्या वर्षाचं कॅलेंडर मांडीवर घेतलं. मी चौकट वाचायची आणि त्यांनी माणूस सांगायचा.

"हे कोण?"

"माळवाडीचा. पन तो आपल्या गावचा न्हाई, घाट आपला म्हनून हितं केलं."

खोडला.

"हे?"

"आपल्याच आळीचा, पन पोरांसंगं पुन्याला ऱ्हायचा. वीस वर्सं झाली."

त्याला घ्यायचं की सोडायचं यावर आमचा वाद झाला. सासरे म्हणाले, घर इथं आहे, जमीन इथं आहे, तो गावचाच. मी म्हणालो, तो जेवायचा पुण्यात, श्वास घ्यायचा पुण्यात, मग मरणसुद्धा पुण्याच्याच खात्यात. शेवटी खोडला. सासऱ्यांना ते आवडलं नाही. पेन्सिलीने खोडा, म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं की मुसलमान आळीतली माणसं यात येणार नाहीत. सासरे म्हणाले, "येत्यात की. तिसऱ्या दिसाच्या जियारतीला गेल्तो ना," आणि त्यांनी कोपऱ्यात 'जि.' लिहिलेल्या चौकटी दाखवल्या. मी खूश झालो. एवढी पूर्ण नोंदवही मी कारखान्यातही क्वचितच पाहिली आहे.

"आणि लहान मुलं?" मी विचारलं.

"लेकराची दशक्रिया करत न्हाईत." ते जरा थांबले. "आमच्या पहिल्याची बी नव्हती केली. हिच्या आधीचा. नऊ दिसांचा हुता."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिला ते माहीत होतं. ती पुन्हा आत गेली. त्या वर्षी गावात गेलेली लेकरं आम्ही आठवून वहीत वेगळी लिहिली. मी तो रकाना दोनदा तपासला.

सगळी खोडाखोड करूनही आकडा ग्रामसेवकाकडच्या नोंदींपेक्षा बराच मोठा निघाला. तो इथे देत नाही. एका गावचा, एका वर्षाचा आणि माझ्या वहीतला आहे, त्याला कुणी आधार म्हणून वापरू नये. पण एवढं खरं की त्या हिशेबाने कोल्हार कात्रणातल्या नगरच्याही पुढे गेलं.

बायकोने परत येताना गाडीतच ठरवलं की आतल्या खोलीतलं शिलाई मशीन हलवायचं. सोमवारी तिने पडदे धुवायला काढले.

अडचण अशी की माझं काम पुरं झालेलं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. कोल्हारची तरुण मंडळी पुण्याला, नगरला, एमआयडीसीत. मागे राहिलेत ते म्हातारे. सावेडीत शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर चालता येत नाही एवढी पोरं. म्हाताऱ्यांच्या गावात मरणं जास्त असणारच, त्यात गावाचा काय दोष? तुलना करायची तर सत्तरीपुढच्यांची सत्तरीपुढच्यांशी करायला हवी. मी दोन दिवस गप्प राहिलो. थांबलो असतो तर कुणाला कळलं नसतं, आणि सासरे शब्दाचे पक्के, बॅग भरून आले असते.

तिसऱ्या दिवशी मी बायकोला सांगितलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली.

"अण्णांनी."

"अण्णांनी माणसं विचारली होती, वयं नाही."

तरी तिने पुढचे दोन रविवार मला अडवलं नाही. सासऱ्यांनी आळीवार आठवून गावातले सत्तरीपुढचे सांगितले, गेलेले आणि असलेले. सावेडीतले मी आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांत विचारत फिरलो. एका आजींनी मला विमा एजंट समजून दार लावून घेतलं. शेवटी दोन्हीकडचं प्रमाण इतकं जवळ आलं की इकडचा एखाद-दुसरा माणूस आणखी वर्षभर जगला असता तर निकाल फिरला असता. म्हणजे निकाल नव्हताच. मी तसं वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही बायकोपुढे ठेवली.

ती शाळेत शिकवते. वही दिसली की तिच्या हातात लाल पेन येतं. ती शेवटचं पान न बघता सुरुवातीपासून वाचायला लागली. सासरे, आणि सोसायट्यांतले लोकही, बोलायचे ते मी समासात जसंच्या तसं टिपलं होतं, कारण काय लागेल ते आधी सांगता येत नाही. तिने मध्येच विचारलं, "हे काय? 'सकाळी कळलं.' इथे 'दुपारी दूध घालायला आला नाही म्हणून कळलं.' हे 'कळलं' सारखं का येतंय?"

मी ते लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

आम्ही सगळी वही पुन्हा काढली. बहुतेकांच्या उशाशी कुणीतरी होतं. पण काही जण पडले तेव्हा एकटे होते, आणि कुणाला कळेपर्यंत बराच वेळ गेला होता. गावातले होते तसे सावेडीतलेही होते. आमच्या शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ सकाळी पडले आणि मुलगा-सून कामावरून आल्यावर संध्याकाळी कळलं. त्यांच्या गेटसमोरच दवाखाना आहे. लवकर कळलं असतं तर वाचले असते का, ते मला सांगता येणार नाही. वेळ कुणी मोजलेला नाही.

बायकोने वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. मी सव्वानऊला निघतो, अंधार पडल्यावर येतो. ती साडेदहाला निघते, साडेपाचला येते. शनिवारी अर्धा दिवस. मग तिने कोल्हारचं लिहिलं. सहाला पुतण्या धार काढायला वस्तीवर येतो, गोठा तिथेच आहे. आठला पुतण्याची बायको, म्हणजे सूनबाई, भाकरी आणून देते आणि अकरापर्यंत तिथेच गोठ्याचं काम करते. चारला पुन्हा धार, आणि अंधार पडला की पुतण्याचा मुलगा वस्तीवर झोपायला येतो. दुपारचा एक मोठा तुकडा रिकामा राहत होता. दोन्ही बेरजा शेजारी शेजारी आल्या तेव्हा तिने पेनाला टोपण घातलं.

"आपल्याकडे ते सलग सात तास एकटे," ती म्हणाली. "तिकडे चार-पाच."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मला ते इथेच हवे होते हो."

मला माहीत होतं. पाच मिनिटांवरचा दवाखाना हा तिचा मुद्दा होता, पण खरी इच्छा ही होती. तिला आकड्यांनी हरवल्याचं मला काही बरं वाटलं नाही.

रविवारी तिने स्वतःच अण्णांना सांगितलं की तुम्ही इथेच राहा. ते हसले, आणि मग ती रडणार असं दिसल्यावर हसायचे थांबले. तिने अटी सांगितल्या. दुपारी पुतण्याच्या घरून कुणीतरी एक चक्कर मारायची. घराची दुसरी किल्ली सूनबाईकडे. आणि आतून कडी लावायची नाही, मोरीची तर नाहीच.

"मोरीची बी न्हाई?"

"नाही."

"आन् आंघोळीला बसलो आन् कुनी आलं तर?"

"खोकायचं."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या डिकीतून स्क्रू ड्रायव्हर आणला. मोरीच्या कडीचे चार स्क्रू होते, तीन सहज आले. चौथा गंजला होता. सासरे मागे उभे राहून म्हणाले, "त्यो जुना हाय जावईबापू, सोडा त्याला. एका स्क्रूवर काय कडी लागायची न्हाई."

"सोडू नका," बायको आतून म्हणाली.

मी थोडं खोबरेल तेल मागितलं. ते सासऱ्यांनीच आणून दिलं.