रेघेपर्यंतचं पाणी

आमच्या घरात मधाची एक मोठी काचेची बरणी आहे. तिच्यावर निम्म्याच्या जराशी वर लाल नेलपेंटची आडवी रेघ आहे. दीड वर्ष मी रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी भरून बरणी मालकांच्या खाटेशेजारी ठेवत होते. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिस, आणि दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. चहा, दूध, आमटी सगळं त्यातच धरायचं. कपभर चहा दिला की बरणीतलं कपभर पाणी मी तुळशीला ओतायचे. ती रेघ आमच्या लेकीनं पुण्याहून येऊन स्वतःच्या नेलपेंटनं मारली होती. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केली, सूट द्यायची मला सवय नव्हती.

पण पाण्याच्या बाबतीत आमचं आटपाडीचं माणूस वेगळं असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा टँकरला रांग लागायची. तरीही दारात कुणी आलं की गूळ-पाणी आधी, बोलणं मागून. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "एक वेळ भाकरीला न्हाई म्हण, पर पाण्याला कुणाला न्हाई म्हणू नगंस. वैरी असला तरी." मालकांनी फौजेत वाळवंटात बाटलीच्या टोपणानं पाणी वाटून घेतलं होतं. निवृत्त होऊन आल्यावर डाळिंबाची बाग केली आणि ती टँकरवर जगवली. शेवटी म्हातारपणी कॅनॉलचं पाणी शिवाराला आलं, घरात नळ वाहायला लागला, आणि त्या भरल्या घरात मी माझ्या नवऱ्याला पाणी नाही म्हणत बसले होते. एका दिवसात किती वेळा, ते मलाच ठाऊक.

ते चिडायचे नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. उन्हाळ्यात ओठ फुटायचे, जीभ टाळूला चिकटायची, बोलताना शब्द अडकायचे. मी बर्फाचा खडा जिभेवर ठेवला की ते डोळे मिटून म्हणायचे, "आगं, तू पलटणीत पायजे हुतीस. सुभेदार केलं आसतं तुला." मी हसायचे आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. मग नळाचाही राग यायचा आणि तोही बंद करायचे.

त्या दिवाळीला लेक चार दिवस आधीच आली. आल्या आल्या तिनं माझं फडताळ उपसलं. लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या, सॉसच्या रिकाम्या झालेल्या सगळ्या बरण्या तिनं राखेनं घासून उन्हात उपड्या घातल्या. "आई, यंदा दिव्यांच्या माळा विकत आणायच्या नाहीत. बघच तू," म्हणाली. प्रत्येक बरणीच्या गळ्याला सुतळी बांधली, आत पाणी भरलं, झेंडूच्या पाकळ्या सोडल्या, वर तेलाचा थर आणि त्यावर तरंगती वात. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, तुळशीभोवती अशा बरण्या मांडल्या. संध्याकाळी वाती लावल्यावर पाणी आतून पिवळं दिसायला लागलं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. त्यांना तिनं छोट्या बरण्यांतून आल्या-लिंबाचं सरबत दिलं. घरच्या बागेत डाळिंबं लगडली होती, पण वडिलांना डाळिंब चालत नाही म्हणून तिनं ते कुणालाच दिलं नाही. लेक अशी होती. सगळ्यांच्या आधी तिला आबांचं पथ्य आठवायचं.

मालक सोप्यात खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांची नजर दिव्यांवर नव्हती, वातींच्या खाली होती. मी शेजारून गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "दिव्याला बरणी भरून पाणी, आन् मला रेघ व्हय?" म्हणून हसले. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. लेक अंगणात रांगोळी काढत होती. मी मालकांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. बायकोनं ओवाळायचं आणि नवऱ्यानं ताटात ओवाळणी घालायची, ही आमची सदतीस वर्षांची रीत. त्या दिवशी त्यांनी खिशात हात घातलाच नाही. ताटातल्या निरांजनाकडे बघत म्हणाले, "ह्या खेपंला उलटं करू. तू मला घाल ओवाळणी."

"काय घालू?" मी विचारलं.

"तांब्याभर पाणी. मोजू नगंस. येकदाच."

मी आधी नाही म्हणाले. आवं, असं काय करताय, परवा सांगलीला जायचंच आहे, तोवर दम धरा, असं सगळं म्हणाले. ते निरांजनाकडेच बघत राहिले. हट्ट केला नाही, हात पसरला नाही. सणाच्या दिवशी पाटावर बसलेल्या माणसाला पाण्याला नाही म्हणायचं माझ्याच्यानं पुढे झालं नाही. मी ताट खाली ठेवलं, माठातून तांब्या भरला आणि दिला.

त्यांनी मान मागे टाकून वरून धार धरली. गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि ते थांबत नव्हते. मी दुसरा तांब्या भरला. तोही संपला. मिशीवर पाणी, सदऱ्यावर पाणी, आणि डोळ्यांत लग्नात बघितलं होतं तसलं काहीतरी. खरं सांगते, मला फार आनंद झाला. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्यांची बायको झाले होते, तोवर नुसती पहारेकरीण होते.

मग मला भीती वाटली. लेकीला कळलं तर ती काय म्हणेल, एवढीच भीती. यांना काही होईल अशी नाही, हे लिहिताना आज शरम वाटते. दोन तांबे पोटात गेलेत म्हटल्यावर त्या दिवसाची बरणी मी मोरीत ओतून द्यायला हवी होती. मी ओतली नाही. लेकीला संशय नको म्हणून रोजच्यासारखी रेघेपर्यंत भरून खाटेशेजारी ठेवली, आणि मी फराळाची ताटं वाटायला गल्लीत गेले.

गल्लीत प्रत्येक घरी बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. मला यायला दुपार उलटली. तोवर लेकीनं बरणी बघितली होती. रेघेला टेकलेली, थेंबभर न हललेली. तिला वाटलं, आबांनी सणाच्या दिवशी सकाळपासून घोटभरही घेतलेलं नाही. तिनं सगळ्यात सुंदर सुतळी बांधलेली बरणी काढली, बिनमिठाचं सरबत केलं आणि त्यांना दिलं. "आबा, आज तुमच्या वाटणीचं सगळं शिल्लक आहे, प्या निवांत," म्हणाली. आणि ते प्याले. मी यायच्या आत त्यांनी खाटेशेजारची बरणीही तळापर्यंत रिकामी केली. एकदा नाही म्हणायचं सुटलं की माणसाला परत धरता येत नाही. मी परतल्यावर रिकामी बरणी बघितली आणि काही बोलले नाही. बोलले असते तर त्याच संध्याकाळी सांगलीला नेता आलं असतं.

भाऊबीजेला उजाडताना त्यांना श्वास पुरेना. आडवं होता येईना. शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर मी एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, मधे ते ताठ बसलेले. तासगावच्या पुढे द्राक्षाच्या बागा लागल्या तेव्हा त्यांनी माझा हात दाबला आणि तुटक तुटक म्हणाले, "कालचं पाणी... लय ग्वाड हुतं."

लेकीला वाटलं, ते सरबताबद्दल बोलतायत. "आबा, परत करून देईन. तुम्ही बरे व्हा," म्हणत ती रडायला लागली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काल पोटात किती पाणी गेलंय? खरं सांगा." लेकीनं लगेच सांगितलं. "सरबत मी दिलं, बरणी भरलेली होती म्हणून दिलं, नंतर बरणीतलंही प्याले." डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं छाती इतकी भरत नाही, आणखी काही? आणि माझ्याकडे वळले.

"न्हाई," मी म्हणाले. "आणखी काय न्हाई."

दुपारी मालक गेले.

आज त्याला तीन वर्षं झाली. लेक दर दिवाळीला येते. दिव्यांच्या बरण्या तिनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या आहेत. मधाची बरणी मात्र पाडव्याला खाली काढते, रेघेपर्यंत पाणी भरून फोटोपुढे ठेवते, आणि दिवसभर स्वतः पाण्याचा थेंब घेत नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, असला उपवास कुठल्या पोथीत सांगितलाय गं? ती म्हणाली, "माझ्या हातनं गेले ते, आई. मी नीट विचारायला हवं होतं." मला तेव्हाच सांगता आलं असतं. दोन तांबे, फक्त एवढंच म्हणायचं होतं. शाळेत पोरांना खरं बोलायला लावण्यासाठी मी हातावर छड्या मारल्या आहेत.

यंदाही ती आली. दुपारी तिचे ओठ सुकलेले दिसले. बोलताना शब्द अडकत होते, हुबेहूब त्यांच्यासारखे. मी दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोनदा उठून आले. दिवेलागणीला तिनं उपवास सोडला, तेव्हा माठातून तांब्या मीच भरून दिला. तिनं मान मागे टाकून वरून धार धरली, घटाघट सगळं संपवलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या हातचं पाणी किती गोड लागतं."

मी म्हटलं, "आणखी देऊ का?"